आमच्या घरात आलेले बंगले

लग्न होऊन मी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला आले तेव्हा घरात तीन डायनिंग टेबलं होती आणि जेवायला आम्ही जमिनीवर बसायचो. टेबलांवर सामान होतं, टेबलांखाली सामान होतं. दोन टेबलांच्या मधल्या पट्टीत नवरा, सासूबाई आणि मी अशी तिघांची पंगत बसायची. वाढायला उठताना डोकं सांभाळायचं, हा त्या घरात मी शिकलेला पहिला नियम.

यातलं काहीही आम्ही विकत आणलेलं नव्हतं. माझ्या सासूबाई लोणावळ्यात तीन बंगले सांभाळतात. मालक कोणी मुंबईचे, कोणी पुण्याचे, शनिवार-रविवारी येणारे. बाकीचे दिवस सासूबाई खिडक्या उघडतात, जाळी काढतात, झाडांना पाणी घालतात आणि शुक्रवारी चादरी बदलून ठेवतात. माझा नवरा जन्मायच्या आधीपासून त्यांचं हे काम चालू आहे. एवढ्या वर्षांत एकेका बंगल्याने कितीदा तरी कात टाकली. पडदे बदलले, सोफे बदलले, अख्खी स्वयंपाकघरं बदलली. दर वेळी मालकीणबाई विचारायच्या, "मावशी, तुम्हाला लागेल का हे?" आणि सासूबाई म्हणायच्या, "द्या की."

नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. देणाऱ्याचं मन मोडू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे चालायचं मशीन बंगल्यातून आमच्या पडवीत आलं, आणि त्याच्या पट्ट्यावर सासूबाई कुरडया वाळत घालायला लागल्या. माशांच्या काचेच्या पेटीत लसूण. बाथरूममधल्या वजनकाट्यावर तांदळाची पिशवी. चाकांच्या सात बॅगा, एकीचीही चेन धड नाही. शिवाय लांब दांड्याचे दोन दातांचे सहा काटे होते. ते कशाचे हे आजतागायत मला कळलेलं नाही. सासूबाई त्यांना टोचून वांगी भाजायच्या आणि वांगी फार छान भाजली जायची.

सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे मागच्या खोलीतला सोफा. काटकोनात वळलेला, करड्या रंगाचा, आठ माणसं बसतील एवढा. त्याच्यावर माणूस कधी बसलं नाही. आमच्या शेतातला तांदूळ घरात आला की खाली ओल लागू नये म्हणून पोती सोफ्यावर ठेवायची. मी पहिल्यांदा ती खोली उघडली तेव्हा नऊ पोती ओळीने टेकून बसलेली दिसली. पाहुणे आलेत आणि चहाची वाट बघतायत असं वाटलं.

मी वडगावची. तिथेच तालुक्याच्या कचेरीत, जुन्या कागदांच्या खोलीत काम करते. लोकांना पणजोबांच्या नावचा कागद हवा असतो, मी तो काढून देते. कोणतं गाठोडं कुठल्या रॅकवर हे मला डोळे मिटून सांगता येतं. त्याचा मला थोडा अभिमानही होता. तो उतरला माझ्या मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी.

जन्मदाखला हवा होता. मी स्वतः तो घरात नीट ठेवला होता, पण कुठे, ते आठवेना. आम्ही दोघं नवराबायको दोन दिवस शोधत होतो. कपाट बघितलं, टेबलांचे खण बघितले, गाद्या उचलून बघितल्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने बॅगा उघडायला घेतल्या. मोठ्या बॅगेत मधली बॅग, मधलीत छोटी, छोटीत खेळण्यातली पेटी, आणि त्या पेटीत दाखला. त्याला बुरशीचा वास येत होता. कोपऱ्यातल्या शिक्क्यावर हिरवट ठिपके पडले होते. आमच्याकडे पावसाचे चार महिने घराच्या आत ढग असतो असं म्हटलं तरी चालेल. त्या हवेत दाबून ठेवलेली कुठलीही वस्तू टिकत नाही.

"शंभर वर्षांचा कागद धा मिन्टात काडती म्हनं," सासूबाई चुलीपाशी बसून मुलीला सांगत होत्या. "आनि पोरीचा दाखला घावना."

त्या सहज बोलल्या, पण मला ते लागलं.

पुढच्या शनिवारी कचेरीला सुट्टी होती. सासूबाई बंगल्यावर गेल्या आणि आम्ही दोघांनी कंबर कसली. दुपारपर्यंत अर्धं घर अंगणात आणलं. न्यायच्या वस्तूंचा एक ढीग, ठेवायच्या वस्तूंचा एक. न्यायचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेला होता. घर असं मोकळं दिसायला लागलं की आपण बोललेलं घुमतंय असा भास झाला. नवरा भंगारवाल्याला बोलवायला गेला आणि तेवढ्यात सासूबाई आल्या.

फाटकाशी उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. पदर खोचला, एक खुर्ची उचलली आणि आत नेली. मग दुसरी. मी म्हटलं, "आत्या, ऐका ना." आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. त्यांनी बॅगा उचलल्या. भंगारवाला आला, उभा राहिला आणि काही न नेता गेला. दिवेलागणीपर्यंत सगळं सामान होतं तिथे परत गेलं होतं. उलट एक पत्र्याचा डबा जास्तच आला. तो शेजारणीचा होता आणि अंगणाच्या कडेला वाळत ठेवला होता.

दोन दिवस त्या माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. "तुज्या आईला म्हनावं भात झालाय," असं मुलीमार्फत चालायचं. मुलगी मध्ये उभी राहून मोठ्या हौसेने निरोप पोचवायची, मी समोर बसलेली असले तरी.

मग मी चोरटेपणा सुरू केला. ते चांगलं केलं नाही हे आज मला कळतं, पण तेव्हा मला मी फार हुशार वाटले होते. सकाळी निघताना डब्याच्या पिशवीत एक वस्तू टाकायची. एकच, सासूबाईंना दिसणार नाही अशी. नवरा मला स्कूटरवरून लोणावळा स्टेशनला सोडायचा आणि पुढे मी लोकलने वडगावला जायचे. वस्तू वडगावात कुणालातरी द्यायची. कचेरीतल्या एका बाईंना लोकरीच्या टोप्या दिल्या. अंगणवाडीत लाकडी ठोकळे दिले. कपांच्या बश्या, पडद्यांच्या कड्या, दोन थर्मास, एक टेबललॅम्प. कचेरीसमोर चहाची टपरी चालवणाऱ्या मावशींना भिंतीवरचं घड्याळ दिलं. तासातासाला आधी कुठलीतरी विलायती धून वाजायची आणि मग ठोके पडायचे. सहा आठवडे रोज एक वस्तू जात होती, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

एके दिवशी अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. टपरीवाल्या मावशी होत्या. "तुमच्या घरच्या आल्यात. बसल्यात हितं."

आधार कार्डावरचा फोन नंबर बदलायला सासूबाई वडगावला आल्या होत्या. मला सांगितलं नव्हतं, कारण सुनेच्या कचेरीत जाऊन तिला त्रास द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. रांग मोठी होती म्हणून चहाला टपरीत शिरल्या. चहा समोर आला आणि डोक्यावर अकराची धून वाजली. हे घड्याळ कुणी दिलं, असं त्यांनी मावशींना विचारलं आणि माझं नाव निघालं.

मी धावत गेले तर त्या बशीतून शांतपणे चहा पीत होत्या. टपरीवाल्या मावशी त्यांना सांगत होत्या की घड्याळ फार गुणाचं आहे, गिऱ्हाईक धून ऐकायला थांबतं.

"पाच मिन्टं म्होरं पळतंय त्ये," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरीबी तसंच पळायचं."

मला बघून त्यांनी बशी खाली ठेवली. "बस. च्या घे."

मी बसले. त्यांनी तिथे विषय काढला नाही. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच गाडीने परत निघालो. गाडीचा डबा रिकामाच होता. कान्हे गेलं, कामशेत आलं. भात लागवड झालेली खाचरं दोन्ही बाजूंनी हिरवीगार दिसत होती. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "आनखी काय काय दिलंस?"

मी सांगायला लागले. टोप्या, ठोकळे, बश्या, कड्या. मला सगळं आठवत होतं, कारण रोज पिशवीत टाकताना मी दोनदा मागे वळून बघायचे. त्या बोटांची पेरं मोजत गेल्या. हाताची पेरं संपली तेव्हा मोजायच्या थांबल्या.

"येवढं गेलं?"

"हो."

"आनि मला कळलं न्हाई."

मला वाटलं आता रागावतील. मळवली स्टेशन आलं. मग म्हणाल्या, "घड्याळबी मला तितं गेल्यावरच याद आलं. घरात भिताडावर न्हाई ह्ये कवा दिसलंच न्हाई. ज्याची याद येत न्हाई त्ये घरात कशाला ठिवलं व्हतं म्या?"

मी मांडीवरची पिशवी सारखी केली. बोलले असते तर बिघडलं असतं, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

"पन चोरून न्हाई न्यायचं," त्या म्हणाल्या. "आपल्याच घरात चोरी? इच्यारून न्यायचं. रोज येक. आनि कंचं न्यायचं त्ये मी सांगनार."

मी आनंदाने कबूल झाले. बोलता बोलता त्यांना कचेरीतली रीत सांगितली. जुन्या कागदांचे आम्ही वर्ग करतो. काही कायम ठेवायचे, काही तीस वर्षं, काही पाच. आणि सगळ्यात खालच्या वर्गातले वर्षभरात काढून टाकायचे.

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. लोणावळ्याला उतरताना विचारलं, "मग मी कंच्या वर्गात?"

"कायमच्या," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी मला एक झाकण दिलं. डबा नसलेलं झाकण. तिसऱ्या दिवशी कपड्यांचा तुटका चिमटा. चौथ्या दिवशी एका पायाची चप्पल. मी चप्पल हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"ही बी वस्तूच हाय की," त्या म्हणाल्या.

होतीच. मी ती निमूट घेऊन गेले. असं दोन-अडीच आठवडे चाललं. नवरा हसायचा. या वेगाने घर रिकामं व्हायला आपल्या नातवंडांची लग्नं उजाडतील असं म्हणायचा. पण मला त्या झाकणाचिमट्यांमध्ये एक गोष्ट दिसत होती. सकाळचा चहा संपला की सासूबाई आपण होऊन उठायच्या आणि घरात फिरायच्या. हे उचल, ते उचल, खाली ठेव. तीस वर्षांत ज्या कोपऱ्यात त्यांनी नुसतं ठेवलं होतं, तिथे त्या आता रोज पाच मिनिटं बघत होत्या. हात लावला की वस्तूंचे ठेवायच्या आणि द्यायच्या असे दोन भाग आपोआप पडत होते.

एकदा त्यांना डिनर सेट दिसले. पाच होते. कागदात गुंडाळलेले, खोक्यात भरलेले, एकही वापरलेला नव्हता. त्या दिवशी चहा निवला तरी काही दिलं नाही. मी निघायला लागले तेव्हा म्हणाल्या, "थांब वाईच."

मग त्यांनी मला त्यांच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. थोरल्या दिरांपासून वेगळं निघून त्यांना थोडेच दिवस झाले होते. घरात चार भांडी होती. मुलाच्या बारशाला माणसं जेवायला येणार म्हणून आळीतल्या एकीकडून ताटं मागून आणली. परत करताना एका ताटाला पोचा आलेला होता. तो आधीचा की नंतरचा, देवाला माहीत. त्या बाईने ताट उचलून चार जणींत दाखवलं आणि म्हणाली, स्वतःचं नसलं की असंच वापरतात.

"काय बोलनार मी?" सासूबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांचं पोर मांडीवर. तवा ठरावलं, पुन्ना कुनाच्या दारात ताट मागाया जायाचं न्हाई."

पहिला डिनर सेट बंगल्यातून आला तेव्हा त्या तो डोक्यावर घेऊन चालत कुरवंड्यापर्यंत आल्या होत्या. टेम्पो होता, पण ताटं फुटतील म्हणून त्यात ठेवला नव्हता.

त्या दिवशी मी कचेरीत उशिरा पोचले आणि रिकाम्या हातांनी पोचले. डिनर सेटांचं मी पुन्हा नाव काढलं नाही. आठेक दिवसांनी त्यांनीच एक खोकं उघडलं, सेट बाहेर काढून धुतला आणि त्या बशांमध्ये आम्हाला भात वाढला. नवऱ्याने बशी उलटसुलट करून बघितली. "ह्ये वापरायचं व्हतं व्हय?" त्याने विचारलं. तो सेट आजही रोजच्या वापरात आहे. दोन सेट गावातल्या दोन मुलींच्या लग्नात दिले. एक बचतगटाला दिला, कार्यक्रमाला लागतो म्हणून. पाचवा मांडणीवर आहे. त्याला मी हात लावत नाही.

भातकापणी आली आणि रोजची वस्तू थांबली. मग दिवाळी, मग पाहुणे, मग माझी कचेरीतली गडबड. महिना-सव्वा महिना काही गेलं नाही. उलट एका बंगल्यातून लाकडी मांडणी आली आणि पडवीत उभी राहिली. मी मनात म्हटलं, संपलं. पण एका सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "पिशवी रिकामीच चालली व्हय?" आणि एक उशीचा अभ्रा पुढे केला. पुन्हा सुरू झालं.

मोठ्या वस्तू पिशवीत मावत नव्हत्या, पण त्यांच्याही वाटा निघाल्या. चालायच्या मशीनची मोटार गंजली होती, ते भंगारात गेलं. सात बॅगांपैकी चारांच्या चेना नवऱ्याने बसवून आणल्या आणि त्या शिकायला बाहेरगावी निघालेल्या मुलींना दिल्या. एक टेबल भाजे गावाला गेलं. तिथे डोंगरावरच्या वस्तीतली एक बाई लेण्यांच्या वाटेवर कणसं आणि भजी विकते. आधी ती दगडावर फळी टाकून बसायची. पाय थोडे कापून टेबल तिच्या उंचीचं केलं. सासूबाई स्वतः बरोबर गेल्या आणि येताना गरम भजी घेऊन आल्या.

सोफ्याच्या वेळी मात्र पंचाईत झाली. तो दारातून बाहेर येईना. उभा केला, आडवा केला, तिरका केला. घामाघूम होऊन नवरा म्हणाला, "मग आत कसा आला ह्यो?" तेव्हा सासूबाईंना आठवलं की सोफा आला तेव्हा खोलीचं बांधकाम चालू होतं. एक भिंत घालायची बाकी होती. सोफा आधी ठेवला आणि भिंत मागून घातली.

शेवटी करवत आणली. मी सासूबाईंकडे बघत होते. मला भीती होती, पण त्या पुढे होऊन कापड धरायला बसल्या. सोफ्याच्या पोटातून दोन चमचे, केसांच्या पिना, एक पत्त्यांचा गुलाम आणि टीव्हीचा रिमोट निघाला. तो टीव्हीही बंगल्यातून आमच्याच घरी आला होता. रिमोट नाही म्हणून गेली कित्येक वर्षं पलंगाखाली पडून होता. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. त्यांना तसं हसताना मी प्रथमच बघितलं. सोफ्याच्या लाकडाची नवऱ्याने फळ्यांची चौकट केली, जमिनीपासून वीतभर उंच, आणि तांदळाची पोती तिच्यावर गेली. आठ माणसांची जागा मोकळी झाली.

मग फ्रीजची गोष्ट घडली.

रविवार होता. एका बंगल्यावर पाहुणे होते म्हणून मी सासूबाईंना हाताखाली मदतीला गेले होते. तिथल्या मालकीणबाईंनी नवा फ्रीज घेतला होता. जुना ओट्याजवळ उभा होता, दोन दारांचा, पांढराशुभ्र. बाई चांगल्या स्वभावाच्या आहेत. हसून म्हणाल्या, "मावशी, हा तुमचा. चालू आहे बरं का. उद्या टेम्पो बोलवू."

सासूबाई ओटा पुसत होत्या. फडकं पिळलं, वाळत टाकलं, हात पदराला पुसले. मला माहीत होतं की हा फ्रीज आमच्या घरच्यापेक्षा चांगला आहे. त्यांनाही माहीत होतं.

"बाई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं हाय फ्रीज. ह्यो कुनाला तरी द्या, ज्याच्याकडं न्हाई."

बाईंना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "अहो, पण मग मी हा ठेवू कुठे?"

त्या अगदी मनापासून विचारत होत्या. मला एकदम समजलं की इतकी वर्षं आमचं घर हीच त्या बंगल्यांची अडगळीची खोली होती. त्यांना घर बदलताना कधी जड गेलं नाही, कारण जुनं ते आमच्याकडे यायचं. यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. द्यायची त्यांना सवय होती आणि घ्यायची आम्हाला.

"कुरवंड्याच्या आंगनवाडीत न्हाई फ्रीज," सासूबाई म्हणाल्या. "मी इच्यारते. त्यांना नगं आसंल तर दुसरं कोन बगू. पन बाई, येक सांगू? आमी रोज येक वस्तू काडतो घरातनं. लय हलकं वाटतं. तुमीबी बगा करून."

"रोज कशी काढू, मावशी? मी येते शनिवारी."

"मग शनवारी सात काडा."

बाई हसल्या. मग त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसायला सांगितलं आणि स्वतः चहा केला. इतक्या वर्षांत सासूबाई त्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसल्या असाव्यात. अगदी कडेला बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "पण मावशी, तुम्ही एवढं करता. मला तुम्हाला काहीतरी द्यावंसं वाटतं. काय देऊ सांगा."

मला वाटलं, आता सवयीने काहीतरी मागतील किंवा नको नको म्हणून वेळ मारून नेतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"रईवारची दुपार द्या," त्या म्हणाल्या. "सकाळचं सगळं आवरून जाईन. दुपारी येनार न्हाई."

"दर रविवारी?"

"दर रईवारी."

बाईंनी आत स्वयंपाकघराकडे बघितलं. रविवारी दुपारीच त्यांचे पाहुणे जेवत असतात, सगळ्यात जास्त भांडी तेव्हाच पडतात. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आम्ही घासू आमची भांडी."

परतीच्या वाटेवर सासूबाई माझ्यापुढे चार पावलं चालत होत्या. वळणावर थांबून म्हणाल्या, "मागितलं म्या. बगितलंस?" मी म्हटलं, बघितलं. मग पुन्हा झपाझप चालायला लागल्या. दुसऱ्या दोन बंगल्यांत त्यांनी हेच सांगितलं. एका ठिकाणी कुरकुर झाली, पण मिळाली दुपार.

आता घर रिकामं झालं असं कुणी समजू नये. एक टेबल आम्ही ठेवलंय आणि त्यावर जेवतो. वांगी भाजायचे काटे आहेत. शिवाय सासूबाईंचं सामान कमी झालं तसं माझं दिसायला लागलं. हॉटेलच्या जेवणाचे प्लॅस्टिकचे डबे मी धुऊन ठेवत आले होते, ते सत्तरच्या वर निघाले. न नेसलेल्या साड्या निघाल्या. मुलीच्या बाळपणीचे कपडे मी तीन गाठोड्यांत बांधून ठेवले होते आणि त्यांच्यासमोर सासूबाई एका सकाळी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ह्ये कंच्या वर्गातलं?" त्यांनी विचारलं. एक झबलं हातात घेऊन मी बराच वेळ बसले. त्यांनी घाई केली नाही. "आज न्हाई तर उंद्या," म्हणाल्या आणि माझा डबा भरायला गेल्या.

मागच्या माघात त्यांची धाकटी बहीण आली. ती पलीकडच्या मुळशीच्या खोऱ्यात असते. आधी कधी आलीच तर सकाळी येऊन दुपारच्या गाडीने परत जायची, कारण आमच्याकडे आडवं व्हायला जागा नव्हती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी ती अकरा दिवस राहिली. मागच्या खोलीत दोघींनी दोन गोधड्या अंथरल्या. रविवारी दुपारी मी डोकावले तर दोघी जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, मध्ये सुपात वालाच्या शेंगा. सोलत होत्या आणि माहेरच्या कुठल्याशा म्हशीबद्दल भांडत होत्या. म्हैस आधी विकली की धाकटीचं लग्न आधी झालं, यावर दोघींचं एकमत होईना. मला बघून सासूबाई म्हणाल्या, "ये, बस. तूच सांग आता," आणि मला जागा करून द्यायला जराशा सरकल्या.